दुरूनि कळसु दिसे

कळस हा शब्द आजकाल आपल्याला आठवतो तो वैतागलो की. निष्काळजीपणाचा कळस, बेशरमपणाचा कळस, उधळपट्टीचा कळस. पेपर उघडला की अशी एखादी हेडलाईन असतेच, आणि चॅनलवाल्यांच्या खालच्या पट्टीत तर विचारूच नका. चांगल्या गोष्टीचा कळस झाला असं शेवटचं कधी वाचलंय ते आठवून बघा, मला तरी पटकन आठवेना. आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मराठीत ह्या एका शब्दात सातशे वर्षांचं इतकं काही साठलंय आणि आपण तो फक्त शिव्या घालायला ठेवलाय.

मूळ शब्द संस्कृतातला कलश. मराठीत आल्यावर त्याची चांगली चार भावंडं झाली. पूजेत मांडतो तो कलश, देवळाच्या डोक्यावर तो कळस, पाणी भरायची ती कळशी, आणि तिच्यापेक्षा मोठा तो कळसा, म्हणजे काखेत कळसा अन् गावाला वळसा मधला. आता घरात कळसा कुणाकडे दिसत नाही, पण म्हण जिवंत आहे म्हणून शब्द जिवंत आहे. चारही शब्द म्हणजे मुळात पाण्याचं भांडंच. देवळाच्या टोकावर जे चमकतं ते सुद्धा भांडंच आहे हे लहानपणी कुणी सांगत नाही, आपल्याला वाटतं ते काहीतरी भाल्याच्या टोकासारखं डेकोरेशन आहे.

नीट बघितलं की कळतं. पितळेचा किंवा तांब्याचा कळस जवळून बघायला मिळतो तो बसवायच्या आधी, मंडपात ठेवलेला असतो तेव्हा. खाली बैठक, तिच्यावर गोल गरगरीत पोट, मग आवळलेला गळा, मग पसरट काठ, आणि त्याच्यावर नारळासारखा किंवा कमळाच्या कळीसारखा निमुळता शेंडा. म्हणजे घटस्थापनेला आपण तांब्यात पाणी भरतो, सुपारी आणि नाणं टाकतो, आंब्याचा डहाळा किंवा विड्याची पानं लावून वर नारळ ठेवतो, तेच सगळं धातूत घडवून वर नेलेलं असतं. जुन्या शिल्पाच्या पुस्तकांत त्या शेंड्याला बीजपूरक म्हणतात, बीजपूरक म्हणजे महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते फळ. आत खच्चून बिया असलेलं. पूजेचा जो श्लोक गुरुजी घाईघाईत म्हणून टाकतात त्यात कलशाच्या मुखाशी विष्णू, कंठात रुद्र, तळाशी ब्रह्मा आणि मध्ये मातृगण आहेत असं म्हटलंय. सगळं काही आत असलेलं भरलेलं भांडं. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांबांच्या पायाशी हाच घट कोरलेला दिसेल, दोन हजार वर्षांपूर्वीचा. भिक्खूंच्या लेण्यात पायाशी आणि देवळात माथ्यावर, पण खूण तीच, भरलेपणाची.

म्हणजे टोक, उंची, शिखर हे सगळे अर्थ नंतरचे. आधीचा अर्थ पूर्ण असणं हा आहे. आणि हे मी डिक्शनरीतून शोधून सांगत नाहीये, हे ज्ञानेश्वरीतच लिहिलंय, इतकं स्वच्छ लिहिलंय की वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय प्रचंड आहे, अठराशेच्या वर ओव्या, शेवटाला पसायदान. पण त्याच्या सुरुवातीला, तिसाव्या ओवीपासून पुढे, माउलींनी आख्खं एक देऊळ बांधलंय. गीता म्हणजे देऊळ, व्यास म्हणजे ते बांधणारा कारागीर (त्यांचा शब्द विंदाणी), आणि अठरावा अध्याय म्हणजे त्या देवळाचा कळस. कळसाध्याय हा शब्द आपण आज कुठल्याही गोष्टीच्या शेवटच्या मोठ्या प्रकरणाला वापरतो त्याच्यामागे हे आहे. आता कळसच का, तर ते म्हणतात,

लोकीं तरी आथी ऐसें । जे दुरूनि कळसु दिसे ।
आणि भेटीचि हातवसे । देवतेची तिये ॥

म्हणजे जगात असं मानतातच की लांबून कळस दिसला की देवाची भेट हाती आलीच. तसा हा एकच अध्याय बघितला की सगळी गीता दिसून जाते. आणि लगेच पुढचं कारण देतात की कळसाच्या पलीकडे देवळात काही कामच उरत नाही, म्हणून कळस चढला की समजायचं गीता संपली. किती साधं आहे बघा. गवंडी जे बोलेल तेच बोललेत. काम झालं कधी, तर कळस चढला तेव्हा.

ह्यापुढच्या ओव्या तर मला सगळ्यात जास्त आवडतात कारण तिथे ते अक्षरशः साईटवर उभे असल्यासारखे बोलतात. वेदांच्या रत्नांच्या डोंगरावर, उपनिषदांच्या अर्थाच्या माळावर जागा खणली. धर्म अर्थ काम ह्यांचा जो राडारोडा निघाला त्याचा महाभारत नावाचा तट सभोवती घातला, म्हणजे बाहेरची भिंत खोदकामातल्या मटेरियलची, आणि हे महाभारताबद्दल म्हणायला किती धीर लागत असेल. मग आत आत्मज्ञानाचा चोख साफ केलेला दगड घेऊन कृष्णार्जुनाच्या संवादाची कलाकुसर केली. पंधरा अध्यायांच्या पंधरा भूमी झाल्या. सोळावा अध्याय म्हणजे ग्रीवाघंटा, शिखराच्या मानेचा भाग, सतरावा कळसाची बैठक (त्यांचा शब्द पडघाणी), आणि 'तयाहीवरी अष्टादशु । तो अपैसा मांडला कळसु'. अपैसा म्हणजे आपोआप, सहज. खालचं सगळं बरोबर बसलं असेल तर कळस बसवायला जोर लावावा लागत नाही. आणि त्या कळसावर ध्वज म्हणून खुद्द व्यासांचं नाव.

ह्यातला भूमी हा शब्द जमीन ह्या अर्थाने वाचला तर ओवी अर्धीच कळते. देवळाच्या शिखराचे जे एकावर एक थर असतात त्यांना भूमी म्हणतात, आणि ज्या पद्धतीत असे थर उघड दिसतात तिला भूमिज शैलीच म्हणतात. महाराष्ट्रातली जुनी देवळं बरीचशी ह्याच शैलीतली. अंबरनाथचं शिवमंदिर, शके 982 म्हणजे 1060 सालचं, ते भूमिज, पण त्याच्या शिखराचा वरचा भाग आता राहिलेला नाही. म्हणून बघायचं तर सिन्नरचं गोंदेश्वर बघा. यादवकाळातलं, काळ्या दगडाचं, मोठ्या चौथऱ्यावर मधे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यात चार छोटी. मान वर करून शिखराकडे बघितलं की चार बाजूंनी चार उभ्या कोरीव पट्ट्या वर जाताना दिसतात आणि त्यांच्या मधल्या जागेत अगदी छोटी छोटी शिखरं, ओळीवर ओळ, खालच्या ओळीतली मोठी आणि वर जाताना बारीक होत गेलेली. ती एकेक ओळ म्हणजे एकेक भूमी. मी तिथे उभी राहून एक दोन तीन करत मोजायला लागले आणि मनात अर्जुनविषादयोग, सांख्ययोग, कर्मयोग असंच येत गेलं. मग सगळ्या ओळी संपतात, शिखर एकदम आवळून बारीक होतं ती ग्रीवा, त्यावर आवळ्यासारखा कंगोरे असलेला चपटा गोल दगड तो आमलक, आणि त्याच्या वर कळसाची जागा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके 1212 मध्ये, नेवाशाला, आणि परंपरा म्हणते की माउली देवळातल्या एका खांबाला टेकून सांगत होते, तो पैसाचा खांब अजून आहे, त्यावर कोरलेला लेखही आहे. यादवांचं राज्य, आजूबाजूला अशी देवळं उभी. पंधरा सोळा वर्षांच्या मुलाला ग्रीवा आणि पडघाणी हे शब्द माहीत होते ह्याचं मला आता नवल वाटत नाही, तो देवळं बघत मोठा झाला होता.

आता एक प्रश्न मला बरेच दिवस पडलेला होता. कळस शेवटी चढतो हे बरोबर, पण आधी कळस मग पाया असंही आपल्याकडे म्हणतात, ते कुठून आलं? तर वेरूळचं कैलास. तिथे दगड रचलेलेच नाहीत, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, त्यामुळे माथा आधी आणि पाया शेवटी हे तिथे खरोखरच घडलेलं आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. पण ह्या उलट्या बांधकामाची मराठीत एक गोष्ट आहे, कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरू ह्या जुन्या ग्रंथातली. एक राजा आजारी पडतो, राणी माणिकावती नवस बोलते की राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन आणि त्याच्या शिखराचा माथा डोळ्यांनी बघेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. आता देऊळ बांधायचं तर वर्षानुवर्षं लागणार आणि राणी तर उपाशी. सगळे कारागीर हात टेकतात. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे येतो आणि म्हणतो आठवड्यात शिखर दाखवतो. तो डोंगराच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात करतो, शिखराचा माथा पहिल्यांदा तयार, राणी तो बघते आणि जेवते. खाली मग किती पिढ्या खपल्या असतील त्या असोत.

इतिहास म्हणून ह्या गोष्टीचं काय करायचं ते जाणकार बघतील. मला त्यातलं नवसाचं कलम महत्त्वाचं वाटतं. राणी असं बोलली नाही की पिंड बसेपर्यंत जेवणार नाही. ती म्हणाली माथा दिसेपर्यंत. माथा दिसला म्हणजे देऊळ झालं, देवाची भेट झाली. दुरूनि कळसु दिसे तेच. कैलासच्या बाजूने डोंगरावर चढून जायची वाट आहे, तिथून खाली बघितलं की शिखराचा माथा आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतो, आणि मंडपाच्या छतावरचं मोठं कमळ आणि त्यावरचे सिंह दिसतात. खालून बघणाऱ्याला ते दिसत नाहीत. वेळ काढून तिथे जाच.

(मधेच एक. कळसूबाईचं नाव कळसावरून पडलं असं आपण सहज धरून चालतो, 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, मग काय. पण पायथ्याच्या गावांत सांगतात ती गोष्ट कळसू नावाच्या कोळ्याच्या मुलीची आहे, घरकामाला राहिली पण भांडी घासणार नाही ह्या बोलीवर, आणि बोली मोडली तेव्हा डोंगरावर निघून गेली ती कायमची. त्या मुलीची गोष्ट शब्दाच्या नादात पुसू नये असं मला वाटतं.)

आता कळस दुरून दिसतो ह्याचा दुसरा अर्थ. आमच्याकडे आजी पंढरपूरला आषाढीला जायची आणि दर्शनाच्या बारीत उभी राहायची नाही. चंद्रभागेत आंघोळ, नामदेव पायरीला डोकं, कळसाला हात, झालं, परत. लहानपणी मला हे अर्धवट दर्शन वाटायचं. वारकऱ्यांना विचारा, लाखो लोक असंच करतात आणि कुणालाही काही कमी पडलं असं वाटत नाही, कळसदर्शन हे पूर्ण दर्शनच असतं. पण ह्याच कळसदर्शनाला एक दुखरी बाजू आहे आणि ती न बोलता पुढे जाता येणार नाही. ज्यांना दारातून आत यायचीच बंदी होती त्यांच्या वाट्याला शेकडो वर्षं फक्त कळसच होता. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. ज्याचे अभंग आतले लोक गात होते तो स्वतः बाहेर. कळस कुणी झाकू शकत नव्हतं एवढंच. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं तेव्हा कुठे विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडं झालं. स्वतःच्या मर्जीने बाहेरून कळसाला हात जोडणं वेगळं आणि दुसरा इलाज नाही म्हणून जोडणं वेगळं, आजीचं दर्शन आणि चोखोबांचं दर्शन मी एका तागडीत तोलणार नाही.

म्हणून माउलींच्या त्या देवळात पुढे काय होतं ते मला फार मोलाचं वाटतं. देऊळ बांधून झाल्यावर ते सांगतात की कोण कोण कुठे आहे. कुणी नुसता जप करत बाहेरून प्रदक्षिणा घालतात, कुणी ऐकायच्या निमित्ताने त्याच्या सावलीला बसतात, कुणी लक्ष देऊन, विडा घेऊन अर्थाच्या गाभाऱ्यात शिरतात. आणि तिघांना मिळतं तेच. मोठ्या माणसाच्या पंगतीत वरच्या पाटावरच्याला आणि खालच्या पाटावरच्याला पक्वान्न एकच, तसं ऐकणाऱ्याला, वाचणाऱ्याला, अर्थ कळणाऱ्याला मोक्षच मिळतो. हे तेराव्या शतकात, आणि ज्याला स्वतःला वाळीत टाकलं होतं अशा घरातल्या मुलाने. दगडाच्या देवळात हे व्हायला 1947 उजाडलं.

बरं, आता बहिणाबाई. शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या, 1628 ते 1700. त्यांचा अभंग सगळ्यांना अर्धा पाठ असतो, ज्ञानदेवे रचिला पाया, तुका झालासे कळस. पूर्ण वाचा. 'संतकृपा झाली । इमारत फळा आली' इथून सुरुवात. इमारत! फारसीतून आलेला शब्द, सतराव्या शतकातल्या बाईच्या तोंडात इतका रुळलेला की संतांच्या कृपेशेजारी तो सहज बसतो. मग ज्ञानदेवांनी पाया रचला. नामदेवांनी आवार रचलं (काही प्रतींत इथे विस्तार असा पाठ आहे, पण मला आवार आवडतं, कारण नामदेव पंजाबपर्यंत गेले, त्यांची पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, कुंपण एवढं लांब कुणी नेलं होतं?). एकनाथांनी भागवताचा खांब दिला. आणि तुका झालासे कळस, भजन करा सावकाश.

ज्ञानेश्वरांच्या देवळाशेजारी हे देऊळ ठेवून बघा. तिथे ज्ञानदेव बांधकामाचं वर्णन करणारे आहेत, त्यांनी कळस दाखवला. इथे तेच पायात गेलेत. साडेतीनशे वर्षांत एका देवळाचा कळस दुसऱ्या देवळाचा पाया झाला. आणि हे लिहिणारी ब्राह्मण घरातली बाई, जिने कुणब्याला गुरू केलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, हे तिनेच स्वतःच्या आत्मचरित्राच्या अभंगांत सांगून ठेवलंय. तेव्हा तुका झालासे कळस ही ओळ आज कीर्तनात टाळ्यांची वाटत असली तरी तिच्या घरात ती काय किमतीची होती ते लक्षात घ्या. तुकोबांना तिने सगळ्यांच्या वर, उघड्यावर, लांबून दिसेल असं ठेवलं.

तिने कळस म्हटलं म्हणजे तुकोबा सगळ्यात मोठे आणि बाकीचे लहान असा अर्थ काढून वाद घालणारे लोक असतात, मला ते पटत नाही. कळस म्हणजे रँकिंग नव्हे. माउलींनी अर्थ सांगून ठेवलाय, कळस म्हणजे तो जिथून सगळं देऊळ दिसतं, आणि ज्याच्यानंतर काम उरत नाही. तुकोबांच्या गाथ्यात ज्ञानदेव दिसतात, नामदेव दिसतात, नाथ दिसतात, म्हणून ते कळस. आणि सावकाश हा शब्द तर काय नेमका आहे. बांधकाम चालू असताना घाई असते, माती, चुना, ओरडाआरडा. कळस चढला, परांची उतरली, आता बसा निवांत आणि भजन करा.

शेवटची ओळ मात्र कीर्तनांत बऱ्याचदा गाळतात. 'बहेणी फडकती ध्वजा'. कळसाच्याही वर ध्वज असतो आणि तिथे बहिणा स्वतःला लावते. माउलींच्या देवळात ती जागा व्यासांची होती. ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्या वारकरी बाईच्या कानावरून ती ओवी गेली नसेल असं मला वाटत नाही. कुणी म्हणेल ध्वजा म्हणजे नुसतं फडकं, ती नम्रपणे बोलतेय. असेलही. पण पाया, आवार, खांब, कळस अशी चार पुरुषांची नावं घेऊन झाल्यावर पाचव्या जागी स्वतःचं नाव घालणारी बाई मला नुसती नम्र वाटत नाही, तिला आपली जागा माहीत होती आणि ती तिने घेतली. म्हणून ती ओळ गाळलेली ऐकली की मला राग येतो.

गावोगाव आजही कलशारोहण होतं ते बघायला मिळालं तर सोडू नका. देव आधी बसतो, पूजा चालू असते, पण कळसाला पैसे जमेपर्यंत कधी कधी वर्षं जातात. कित्येक गावांत कळसाची वर्गणी गावच्या लेकी देतात, लग्न होऊन गेलेल्या, आणि त्या दिवशी सगळ्यांना माहेरी बोलावून साडीचोळी करतात. कळसाची मिरवणूक निघते, प्रत्येक दारात थांबते, बाया पाणी घालून ओवाळतात, लहान पोरं उचलून हात लावायला देतात, कारण एकदा वर चढला की मग त्याला कुणाचा हात लागत नाही. मग महाराज क्रेनच्या पाळण्यात बसून वर जातात, खाली सगळे मान वर करून, आणि बसला म्हणून हात दाखवला की जो गजर होतो तो ऐकण्यासारखा असतो. आळंदीला तर आषाढीच्या वारीआधी माउलींच्या देवळाचा कळस हलतो आणि मगच पालखी निघते अशी श्रद्धा आहे, प्रस्थानाच्या दिवशी हजारो डोळे नुसते कळसाकडे लागलेले असतात.

अठरावा अध्याय तीस ते अठ्ठेचाळीस, एवढ्याच ओव्या, दहा मिनिटं लागतात. सार्थ ज्ञानेश्वरी घरात असेल, नसेल तर फोनवर मिळते. मोठ्याने वाचा, आणि नंतर नाशिक पुणे रस्त्याने जाताना सिन्नरला अर्धा तास थांबून गोंदेश्वर बघा, भूमी मोजा.